डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर, मग जर्मनीत मास्टर्स: युनि-असिस्ट, एपीएस आणि क्रेडिटचं गणित

प्रश्न – घाटमाथा

नमस्कार मंडळी. मेकॅनिकल डिप्लोमा (८४ टक्के), त्यानंतर डायरेक्ट सेकंड इयर, पुणे विद्यापीठ. बीईचं सातवं सत्र नुकतंच चालू झालंय. एसई आणि टीई (दुसरं आणि तिसरं वर्ष) धरून सीजीपीए ७.९ आहे. एम-थ्रीची (गणिताचा तिसरा पेपर) एक केटी (नापास राहिलेला विषय) होती, दुसऱ्या प्रयत्नात सुटली. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनच्या इंग्रजी माध्यमाच्या एमएस्सीसाठी पुढच्या ऑक्टोबरचं हिवाळी सत्र धरायचंय. अडलेल्या गोष्टी अशा:

१) एपीएस (भारतीय शैक्षणिक कागद तपासल्याचं प्रमाणपत्र) आधी की विद्यापीठाचा अर्ज आधी? पदवी हातात नसताना एपीएस होतं का?
२) काही विद्यापीठं युनि-असिस्ट म्हणतात, काही थेट अर्ज, काही 'व्हीपीडी' मागतात. फरक काय?
३) ७.९ चे जर्मन गुण किती होतात? तीन कॅल्क्युलेटरनी तीन उत्तरं दिली.
४) बारावी नाही, दहावी आणि डिप्लोमा आहे. फॉर्ममध्ये हे कसं भरायचं? आणि केटी लपते का, की दाखवायचीच?
५) मार्कशीटवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, पासपोर्टवर वेगळा क्रम. अडचण येईल का?

कन्सल्टन्सीवाल्यांनी 'तुमचं प्रोफाइल वीक आहे, प्रायव्हेट घ्या' असं सांगितलंय. खरं आहे का?

---

प्रतिसाद १ – नेकरकाठ

शेवटच्या ओळीपासून सुरू करतो. ७.९ ला 'वीक' म्हणणाऱ्याला विचारा की त्याला खासगी विद्यापीठाकडून प्रवेशामागे काय मिळतं. सल्ला फुकट असेल तर पैसे दुसरीकडून येत असतात, आणि सरकारी विद्यापीठं कमिशन देत नाहीत. तुमची खरी अडचण सीजीपीए नाही, ती डायरेक्ट सेकंड इयर आहे. त्यावर जाणकार कोणी लिहील, मी क्रमाचं सांगतो.

एपीएस आधी. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन विद्यार्थी व्हिसासाठी हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे, आणि बहुतेक विद्यापीठं ते अर्जासोबतच मागतात. एकदा मिळालं की सगळीकडे तेच चालतं, दर विद्यापीठाला नवं काढावं लागत नाही. शुल्क १८,००० रुपये. शेवटच्या वर्षात असतानाही अर्ज करता येतो. दहावीची मार्कशीट, डिप्लोमाच्या सगळ्या सत्रांच्या मार्कशीट आणि डिप्लोमा प्रमाणपत्र, बीईच्या आजवरच्या सगळ्या मार्कशीट, पासपोर्ट, एवढं गोळा करून ठेवा. लोक इथे एक चूक हमखास करतात: केटीच्या आधीची, म्हणजे नापास दाखवणारी मार्कशीट गाळतात. दुसऱ्या प्रयत्नाच्या मार्कशीटवर परीक्षेचा महिना वेगळा छापलेला असतोच, त्यामुळे मधला तुकडा नाही हे तपासणाऱ्याला लगेच कळतं आणि फाइल 'अपूर्ण' म्हणून परत येते. मग पुन्हा रांग. दोन महिने धरून चला. जानेवारी ते मार्च या काळात गर्दी असते, म्हणून दिवाळीच्या आत अर्ज गेलेला बरा.

आता तीन प्रकारचे दरवाजे.

पहिला, पूर्ण अर्ज युनि-असिस्टमार्फत. ही प्रवेश देणारी संस्था नाही. कागद तपासणं, गुण जर्मन पद्धतीत बदलणं आणि फाइल विद्यापीठाकडे ढकलणं एवढंच ती करते. एका सत्रातल्या पहिल्या अभ्यासक्रमाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. पैसे पोहोचल्याशिवाय तपासणी सुरूच होत नाही. शेवटच्या दिवशी अर्ज 'सबमिट' करून बँकेतून स्विफ्टने पैसे पाठवले तर ते चार दिवसांनी पोहोचतात आणि तेवढ्यात मुदत गेलेली असते. कार्डवर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधीच चालू करून ठेवा.

दुसरा, व्हीपीडी. इथे युनि-असिस्ट फक्त प्राथमिक तपासणीचा एक कागद देते. तो घेऊन विद्यापीठाच्या पोर्टलवर अर्ज तुम्हीच करायचा. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ असं करतं. व्हीपीडी आला म्हणजे अर्ज झाला, असं समजून गप्प बसणारे दर वर्षी असतात. आणि हा कागद ज्या विद्यापीठासाठी मागितला त्याच्यापुरता असतो.

तिसरा, थेट अर्ज. आखेन, कार्ल्सरूह, श्टुटगार्ट वगैरे. युनि-असिस्टचा संबंध नाही, तिचे पैसेही नाहीत.

मुदतींबद्दल: '१५ जुलै' हे सगळीकडे ऐकू येतं, पण ती अनेकदा युरोपीय विद्यार्थ्यांची तारीख असते. आखेनला युरोपबाहेरच्यांसाठी हिवाळी सत्राची मुदत १ मार्च. म्युनिकला बऱ्याच अभ्यासक्रमांना ३१ मे. युनि-असिस्ट स्वतःच मुदतीच्या आठ आठवडे आधी अर्ज टाका असं सांगते, कारण काही कमी पडलं तर ते पाठवायला वेळ राहतो.

माझं मत: १५ जुलैची मुदत असलेले अभ्यासक्रम यादीत शेवटी ठेवा. प्रवेशपत्र ऑगस्टच्या मध्यात येणार, व्हिसाला पुढे सहा ते बारा आठवडे, आणि ऑक्टोबरच्या मध्यात तास सुरू. प्रवेश पुढच्या सत्राला ढकलून मिळणं तिथे सहसा नसतं, नव्याने अर्ज करावा लागतो.

---

प्रतिसाद २ – लिमिट_टेंड्स_टू

डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांची गोम सांगतो, कारण नकाराचं कारण बहुतेक वेळा हेच असतं आणि पत्रात ते 'विषयातील पूर्वअट पूर्ण नाही' एवढ्या एका ओळीत येतं.

जर्मन विद्यापीठ प्रोफाइल वगैरे नंतर बघतं. आधी बघतं ते हे की, आमच्या बॅचलरमधले विषय याने शिकले आहेत का, आणि किती. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या नियमावलीत हे आकड्यांत लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ, गणित २० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट), मेकॅनिक्स १५, थर्मो आणि फ्लुइड १०, मटेरियल्स ५. आकडे दर ठिकाणी वेगळे, पण साचा हाच.

बीईला चार वर्षं बसलेल्याकडे एम-वन, एम-टू, एम-थ्री तिन्ही असतात. डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्याच्या ट्रान्स्क्रिप्टवर पहिलं वर्षच नसतं. म्हणजे एम-वन, एम-टू, इंजिनिअरिंग मेकॅनिक्स, फिजिक्स, केमिस्ट्री गायब. डिप्लोमाला गणित झालेलं असतं, पण ते विद्यापीठ पातळीचं धरायचं की नाही हे तिथला विभाग ठरवतो, आणि बरेच विभाग धरत नाहीत.

आता गणित मांडा. जर्मन वर्ष ६० ईसीटीएसचं. तुमच्या एका वर्षाला समजा ४४ क्रेडिट आहेत. ६० भागिले ४४ म्हणजे १.३६. चार क्रेडिटचा एम-थ्री झाला साधारण साडेपाच ईसीटीएस. टीईला न्यूमरिकल आणि स्टॅटिस्टिकल मेथड्ससारखा विषय असेल तर तोही गणितातच दाखवा, आणखी साडेपाच. एकूण ११. मागणी २० ची असेल तर ९ कमी.

हे ९ कुठून आणायचे?

एक तर जिथे गणिताची अट लहान आहे किंवा 'इंजिनिअरिंगचा पाया' अशी ढोबळ आहे ते अभ्यासक्रम निवडा. प्रॉडक्शन, ऑटोमोटिव्ह, मॅनेजमेंटशी जोडलेले अभ्यासक्रम इथे सोपे जातात. कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्ससारखे अवघड जातात. हॉखशूलं, म्हणजे उपयोजित विज्ञानांची विद्यापीठं, जरा मोकळ्या मनाने बघतात. नाव कमी ऐकलेलं म्हणून त्यांना गाळू नका, कंपन्यांशी संबंध त्यांचेच घट्ट असतात.

दुसरं, क्रेडिट मोजताना स्वतःवर अन्याय करू नका. आपल्या मार्कशीटवर एकाच विषयाची थिअरी, प्रॅक्टिकल, टर्मवर्क आणि ओरल वेगवेगळ्या ओळींत असतात आणि क्रेडिटही फुटलेली असतात. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचे तीन अधिक प्रॅक्टिकलचा एक असे चार धरायचे. लोक फक्त थिअरीची ओळ उचलतात आणि अट पूर्ण होत असूनही कागदावर नापास होतात.

तिसरं, 'आउफलागं'. म्हणजे अटीसह प्रवेश: कमी पडलेले विषय पहिल्या वर्षात तिथेच देऊन पास व्हायचे. काही विभाग ३० ईसीटीएसपर्यंतची तूट अशी भरू देतात, काही अजिबात नाही. नियमावलीत हा शब्द आहे का ते शोधा. पण एक लक्षात ठेवा: इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्सला हे पूरक विषय बॅचलरचे असतात आणि बॅचलर जर्मनमध्ये चालतं. गणिताचा पेपर जर्मनमध्ये द्यायची तयारी असेल तरच त्यावर विसंबा.

चौथं, शंका असेल तर अर्ज करायच्या आधी त्या अभ्यासक्रमाच्या समन्वयकाला ईमेल. 'माझं प्रोफाइल बघून सांगा' असं लिहिलं तर उत्तर येत नाही किंवा 'अर्ज करा, समिती ठरवेल' असं येतं. एक तक्ता जोडा: डावीकडे त्यांची अट, उजवीकडे तुमचा विषय, क्रेडिट आणि ईसीटीएस, आणि खाली एकच प्रश्न: 'डिप्लोमातलं गणित यात धरलं जाईल का?' नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर बहुधा येतं.

सिलॅबसबद्दल. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा अख्खा पीडीएफ शंभराच्या वर पानांचा असतो. तो तसाच चढवू नका. स्वतः शिकलेल्या विषयांचीच पानं काढा, मार्कशीटवरच्या क्रमाने लावा, पुढे एक पानी अनुक्रमणिका लावा. ऐच्छिक विषयांतला जो घेतला तोच ठेवा. कुठल्या 'पॅटर्न'चा सिलॅबस तेही तपासा: २०१५ पॅटर्नचा पीडीएफ आणि २०१९ पॅटर्नची मार्कशीट अशी जोडी लावली की विषयांचे कोड जुळत नाहीत, आणि तपासणारा ते कोडच बघतो.

---

प्रतिसाद ३ – लाल_डबा

जर्मन गुणांचं सूत्र सोपं आहे. बव्हेरियन सूत्र म्हणतात त्याला. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण याने भागा, तिनाने गुणा, एक मिळवा. सीजीपीएचे आधी टक्के करून घ्या, म्हणजे भानगड नाही.

---

प्रतिसाद ४ – लिमिट_टेंड्स_टू

@लाल_डबा सूत्र बरोबर, सल्ला चुकीचा. टक्के करू नका. सीजीपीए दहाच्या पट्टीवर छापलेला असेल तर त्याच पट्टीवर भरायचा. बघा काय होतं:

७.९, कमाल १०, किमान उत्तीर्ण ४. वर २.१, खाली ६. तिनाने गुणून एक मिळवला की २.०५. जर्मन पद्धतीत एका दशांशापुढचं गाळतात, म्हणून २.०.

तोच ७.९, पण किमान ५ धरलं तर २.२६, म्हणजे २.२.

आता टक्के केले, समजा ७१ आले, आणि किमान ४० धरलं तर २.४५, म्हणजे २.४.

विद्यार्थी एक, गुण तीन. तीन कॅल्क्युलेटरची तीन उत्तरं बहुधा इथूनच आली. जर्मनीत १ सर्वांत चांगला आणि ४ काठावर पास, म्हणून आकडा जितका लहान तितका चांगला. ज्यांचा सीजीपीए ७ च्या आसपास आहे त्यांच्यासाठी हा फरक जीवघेणा आहे: किमान ४ धरलं तर नेमके २.५ येतात, किमान ५ धरलं तर २.८. बऱ्याच अभ्यासक्रमांची रेघ २.५ वर असते.

म्हणून मार्कशीटच्या मागचा श्रेणीतक्ता स्कॅन करून जोडायलाच हवा. पास होण्याची सर्वांत खालची श्रेणी किती अंकांची, ते त्यावर असतं. मागची बाजू कोरी नसते, तरी लोक पुढचीच बाजू स्कॅन करतात.

---

प्रतिसाद ५ – बोरूबहाद्दर

नावाचा प्रश्न महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येकाला येतो, घाबरू नका.

नियम एकच: सगळ्या फॉर्ममध्ये नाव पासपोर्टप्रमाणे. पासपोर्टच्या 'गिव्हन नेम' रकान्यात तुमचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतील तर जर्मन फॉर्मच्या पहिल्या नावाच्या रकान्यात दोन्ही घालायची. वडिलांचं नाव 'मिडल नेम' समजून गाळलं की प्रवेशपत्र एका नावाने आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाने, आणि ते व्हिसाच्या वेळी निस्तरावं लागतं. आयईएलटीएसची नोंदणीही पासपोर्टप्रमाणेच.

मार्कशीटवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव असा क्रम असणं हा दोष नाही, आपल्या बोर्डाची आणि विद्यापीठांची ती रीतच आहे. तपासणाऱ्यांनी असे कागद ढिगाने पाहिलेत. क्रम वेगळा पण शब्द तेच असतील तर काही करायची गरज नाही.

शब्दच वेगळे असतील तर मात्र थांबा. स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरक (शेवटी एक 'ए' कमी-जास्त वगैरे) नोटरीच्या प्रतिज्ञापत्राने भागतो: 'या दोन नावांची व्यक्ती एकच', इंग्रजीत, स्टॅम्पपेपरवर. लग्नानंतर किंवा इतर कारणाने नाव पूर्ण बदललं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रातली नोंद लागते, ती काढायला वेळ लागतो, आत्ताच सुरू करा. मार्कशीटवर विद्यापीठाचीच चूक असेल तर प्रतिज्ञापत्रावर वेळ घालवू नका, कॉलेजमार्फत दुरुस्तीचा अर्ज करा, कारण तीच चूक पदवी प्रमाणपत्रावर उतरणार आहे.

ट्रान्स्क्रिप्ट आणि मार्कशीट एकच नव्हे, हेही सांगतो. ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे सगळ्या सत्रांचा विद्यापीठाने एकत्र करून शिक्का मारून दिलेला उतारा. तो लागतो का ते यादीत बघा, काही ठिकाणी सुट्या मार्कशीट पुरतात. लागत असेल तर विद्यापीठाकडे पैसे भरून अर्ज करावा लागतो आणि तो हातात पडायला किती दिवस लागतील याचा नेम नसतो.

---

प्रतिसाद ६ – घाटमाथा

@नेकरकाठ, @लिमिट_टेंड्स_टू, @बोरूबहाद्दर मनापासून आभार. मार्कशीट उलटी करून बघितली, किमान उत्तीर्ण श्रेणीचे ४ अंकच आहेत.

अजून दोन शंका. बारावीच्या रकान्यात काय भरू? आणि आठव्या सत्राचा निकाल जुलैत लागेल, पदवीदान त्याच्याही नंतर. तोवर 'पदवी' म्हणून काय द्यायचं?

---

प्रतिसाद ७ – नेकरकाठ

बारावी भरूच नका, नाही ती नाही. शालेय शिक्षणात दहावी, वर्षांसह. मग डिप्लोमा वेगळी नोंद म्हणून: तंत्रशिक्षण मंडळ, तीन वर्षं, सुरुवातीची आणि शेवटची तारीख. मग बीई, सुरुवातीचं वर्ष तुम्ही दुसऱ्या वर्षाला आलात तेच. काहीजण बीई चार वर्षांचं दाखवतात, आणि मग तारखा डिप्लोमावर चढतात. सोबत कॉलेजच्या लेटरहेडवर एक परिच्छेद घ्या: विद्यार्थ्याला डिप्लोमाच्या आधारे थेट द्वितीय वर्षात प्रवेश मिळाला, पहिल्या वर्षातून सूट आहे, अभ्यासक्रम अमुक महिन्यात पूर्ण होणे अपेक्षित. प्राचार्यांची सही आणि शिक्का. नाहीतर तपासणारा पहिल्या दोन सत्रांच्या मार्कशीट मागत बसतो आणि त्या जगात कुठेच नसतात.

निकालाबद्दल: अर्ज आजवरच्या सत्रांवर होतो, तात्पुरता सीजीपीए चालतो. तुमच्याकडे फेब्रुवारीत तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत पाच सत्रं असतील. सातव्याचा निकाल लांबला तर चारच. ते चालतं का ते दर अभ्यासक्रमाच्या पानावर बघा, किती क्रेडिट पूर्ण असायला हवेत असा आकडा तिथे असतो. प्रवेश सशर्त मिळतो. नावनोंदणीच्या वेळी आठही... चुकलो, तुमच्या सहाही सत्रांच्या मार्कशीट आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेट लागतं. मूळ पदवी प्रमाणपत्र नंतर द्यायची मुदत बहुतेक विद्यापीठं देतात. प्रोव्हिजनल निकालाच्या दुसऱ्या दिवशी मागा, आपोआप येत नाही.

केटी दाखवायचीच. सुटलेल्या केटीवरून थेट नकार देणारी विद्यापीठं थोडी. तिची सफाई एसओपीत (अर्जासोबतचं उद्देशपत्र) देत बसू नका. एसओपीत पान-दीड पान एवढंच: कुठले विषय केले, त्यांतलं काय पुढे न्यायचंय, आणि त्यांच्या अभ्यासक्रमातले कुठले दोन-तीन विषय त्याला जुळतात, नावानिशी. 'लहानपणापासून यंत्रांची आवड' कापून टाका. जर्मनीचं कौतुकही.

सीव्ही तक्त्याच्या स्वरूपात, ताजं वर, महिना आणि वर्षासह, मधे पोकळी नको.

---

प्रतिसाद ८ – खर्डेघाशी

पैशांचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

'जर्मनीत फुकट' हे अर्धसत्य आहे. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाही, सत्राचं अंशदान साधारण १०० ते ३५० युरो असतं आणि त्यात बऱ्याचदा लोकल प्रवासाचा पास येतो. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो आहेत. वर आलेली कार्ल्सरूह आणि श्टुटगार्ट त्याच राज्यातली. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रामागे ४,००० ते ६,००० युरो लावलेत. यादी करताना हा रकाना आधी.

ब्लॉक्ड अकाउंट: १ सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ हातात. फी नाही ही, तुमचेच पैसे, पण व्हिसाच्या आधी एकरकमी ठेवावे लागतात. एक्सपॅट्रिओ, फिंटिबा, कोराकल यांच्याकडे ऑनलाइन उघडता येतं.

गडबड होते ती पाठवताना. भारतातून रक्कम एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) जाते. बँकेच्या ए-२ फॉर्मवर हेतूचा कोड शिक्षणाचा, एस०३०५, असल्याची खात्री करा. काउंटरवरच्या माणसाने 'परदेशी खात्यात ठेव' असा कोड टाकला तर टीसीएसचा (पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर) दर थेट २० टक्क्यांच्या पट्टीत जातो. १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही. ११,९०४ युरोचे रुपये सध्याच्या भावाने या रेघेच्या वर जातात, म्हणून हे आधी मोजा. मर्यादा पाठवणाऱ्याच्या पॅनवर असते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर टीसीएस नाही. कापला गेलाच तर पैसे बुडत नाहीत, ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या आयकर विवरणात वळते होतात किंवा परत मिळतात.

दुसरं, स्विफ्टचे मधल्या बँकांचे आकार. 'आवर' हा पर्याय निवडा, म्हणजे सगळे आकार पाठवणारा भरतो. नाहीतर वाटेत वीस-पंचवीस युरो गळतात, रक्कम ११,९०४ च्या खाली जाते आणि दाखला अडतो. खातेवाल्याचं स्वतःचं शुल्क वेगळं, ते मिळवून थोडी जास्तच पाठवा. जादा रक्कम नंतर परत मिळते. संदर्भ क्रमांक शेरा रकान्यात अक्षरशः जसाच्या तसा.

कर्ज काढायचं असेल तर प्रवेशपत्र हातात येईपर्यंत थांबू नका. बँकेला ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे काय हे समजावण्यातच दोन फेऱ्या जातात. 'फी किती' या रकान्यात शून्य बघून फाइल बाजूला पडते. जगण्याचा खर्च हाच मुख्य खर्च आहे हे विद्यापीठाच्या पत्रासह दाखवावं लागतं.

---

प्रतिसाद ९ – शाळामास्तर

या धाग्यात घुसखोरी करतोय, क्षमस्व. बारावी सायन्सनंतर थेट जर्मनीत बॅचलरला जाता येतं का? भाच्यासाठी विचारतोय.

---

प्रतिसाद १० – नेकरकाठ

नुसत्या बारावीवर थेट नाही. तीन वाटा: स्टुडिएनकोलेग, म्हणजे तिथे एक वर्षाचा पूर्वतयारी वर्ग करून परीक्षा, किंवा इथे त्याच शाखेत पदवीचं पहिलं वर्ष पूर्ण करून त्या शाखेपुरता प्रवेश, किंवा जेईई ॲडव्हान्स्ड पास असेल तर तांत्रिक आणि विज्ञान शाखांना. तिन्ही वाटांत बहुधा जर्मन लागणारच, बॅचलर इंग्रजीत थोडी आहेत. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवनात आजच नाव घाला. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

---

प्रतिसाद ११ – बोरूबहाद्दर

@घाटमाथा भाषेचं राहिलं. आयईएलटीएसला बहुतेक ठिकाणी ६.५ पुरतात. निकाल दोन वर्षं वैध, तेव्हा आत्ता दिली तरी चालेल. कॉलेजचं 'माध्यम इंग्रजी होतं' असं पत्र काही विद्यापीठं मानतात, पण व्हिसाच्या वेळी स्कोअर असलेला बरा, त्या पत्रावर पूर्ण भिस्त ठेवू नका.

एलओआर (शिफारसपत्रं) बऱ्याच विद्यापीठांना लागतच नाहीत. यादीत नसेल तर जोडू नका. लागत असतील तर सरांच्या कॉलेजच्या ईमेलवरून, लेटरहेडवर, तारखेसह. दोन सरांची दोन पत्रं एकाच मुलाने लिहिलेली असतात हे तिथेही कळतं, वाक्यं सारखी असतात.

आणि इंग्रजी माध्यम असलं तरी जर्मनची किमान ए-१ (पहिली पातळी) करा. काही अभ्यासक्रमांची ती अटच आहे.

---

प्रतिसाद १२ – खर्डेघाशी

व्हिसाचं थोडक्यात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईचा वाणिज्य दूतावास. अर्ज आता कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन भरून कागद चढवायचे, ते प्राथमिक तपासून झाले की मूळ प्रतींसह प्रत्यक्ष हजेरी आणि बोटांचे ठसे. शुल्क ७५ युरो, रुपयांत. एपीएस, प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा दाखला, आरोग्यविमा, हे चार खांब. एक नसेल तर बाकीच्या तिघांचा उपयोग नाही.

पूर्वी व्हिसा नाकारला तर दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज करा नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात जा. त्यामुळे पहिल्याच वेळी कागद पक्के हवेत. 'बघू, नंतर जोडू' चालायचं नाही.

---

प्रतिसाद १३ – घाटमाथा

तक्ता करायला बसलो. बारा अभ्यासक्रम काढले होते. गणिताची अट लावली की सात उरले, १५ जुलैवाले बाजूला काढले की पाच. त्यांपैकी दोन हॉखशूलं आहेत. एका ठिकाणी 'उच्च गणित १५ ईसीटीएस' असं लिहिलंय, माझे ११ भरतात. डायनॅमिक्स ऑफ मशिनरी यात धरता येईल का?

---

प्रतिसाद १४ – लिमिट_टेंड्स_टू

नाही, तो मेकॅनिक्समध्ये जातो. ओढून ताणून गणितात घातलात तर तपासणाऱ्याचा बाकीच्या तक्त्यावरचाही विश्वास उडेल. कंट्रोल सिस्टिम्स किंवा फायनाइट एलिमेंटसारखं काही ऐच्छिक घेतलं असेल तर त्याच्या सिलॅबसमध्ये लाप्लास, मॅट्रिक्स, अवकल समीकरणं यांचे किती तास आहेत ते बघा. तेवढाच भाग, तासांसह, 'अंशतः गणित' असं स्पष्ट लिहून दाखवा आणि समन्वयकाला विचारा. आठव्या सत्राला ऐच्छिक निवडायची संधी अजून आहे ना? मग गणिताच्या जवळचा विषय निवडा, आणि तक्त्यात 'चालू' असा शेरा देऊन त्याची क्रेडिट लिहा.